उरलेल्या फायलींचा हिशेब

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने छापील वार्षिक अहवाल संगणकावर आणण्याचे काम मी निवृत्त झाल्यावर अंगावर घेतले. पाने २१२. खिळ्यांची छपाई, पिवळा पडलेला कागद, वाळवीने खाल्लेल्या कडा. पाने स्कॅन करायची, 'टेसरॅक्ट' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरकडून चित्रातली अक्षरे ओळखून घ्यायची आणि मिळालेला मजकूर मूळ पानाशी ताडून हाताने सुधारायचा, असा बेत होता. २०१९ च्या पावसाळ्यात अकरा आठवडे बसून मी १४८ पाने सुधारली. मग एका संध्याकाळी डिस्क भरल्याची सूचना आली. जागा मोकळी करावी म्हणून मी दोन शब्दांची एक आज्ञा दिली आणि ती १४८ पाने गेली. एक सेकंदही लागला नाही.

ती आज्ञा होती 'मेक क्लीन'. सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या बोटांना ती इतकी सवयीची असते की ती देताना कोणी विचार करत नाही. मीही केला नाही. त्यानंतर मात्र मी तिच्या मागेच लागलो. ती कुठून आली, तिला काय कळते, काय कळत नाही, आणि सॉफ्टवेअर बांधून झाल्यावर मागे जे उरते त्याला केर म्हणायचे की नाही हे ठरवते कोण? या शोधात जे हाती लागले ते इथे मांडतो. संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

आपण मोबाइलवर किंवा संगणकावर जे सॉफ्टवेअर घेतो ते तयार माल असतो. ते मुळात माणसाने वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असते. तो सोर्स कोड. यंत्राला तो थेट कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. मोठे सॉफ्टवेअर शेकडो, कधी हजारो सोर्स फायलींचे असते. कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे घेतो आणि तिच्यापासून एक अर्धवट तयार फाइल बनवतो. तिला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट ओ' असते. सगळ्या ऑब्जेक्ट फायली तयार झाल्या की लिंकर त्या एकमेकींना जोडतो आणि चालवता येईल असा प्रोग्रॅम तयार होतो. तो झाल्यावर तो चालवायला ऑब्जेक्ट फायलींची गरज नसते. पण त्या तिथेच राहतात.

आणि त्या लहान नसतात. पुष्कळशा मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी 'ऑटोकॉन्फ' या साधनाने सुरू होते. कोणी वेगळे सांगितले नाही तर ते कंपायलरला दोष शोधायला उपयोगी पडणारी माहितीही सोबत भरायला सांगते : कोणती यंत्राज्ञा कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून आली, कोणत्या चलाचे नाव काय. ही माहिती बहुधा मूळ यंत्रभाषेपेक्षा जास्त जागा घेते. त्यात टेसरॅक्टसारख्या सॉफ्टवेअरमधून लायब्ररीही बनते. इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणाऱ्या कोडचा गठ्ठा. माझ्या वाचनालयाशी तिचा संबंध नाही. अशी लायब्ररी दोन प्रकारे बनवायची असेल तर प्रत्येक सोर्स फाइल दोनदा कंपाइल होते आणि दोन ऑब्जेक्ट फायली मागे ठेवते. सोर्सचे फोल्डर बांधणीनंतर कित्येक पट फुगते ते यामुळे.

मग त्या लगेच पुसून का टाकत नाहीत? कारण त्या पुन्हा लागतात. एका फाइलीत एक ओळ बदलली तर ती एकच फाइल पुन्हा कंपाइल करायची. बाकीच्या जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच वापरायच्या. तासाभराचे काम मिनिटात होते. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो तसे आहे हे. झाडणाऱ्याला तो केर दिसतो, घेणाऱ्याला त्यातला कण दिसतो.

पण कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची आणि कोणती नाही, हे लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. 'मेक' या साधनाचा जन्म याच चुकीतून झाला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन काम करत होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चडफडत त्यांच्या खोलीत आले. त्यांची सकाळ एका दोषाचा शोध घेण्यात वाया गेली होती, आणि शेवटी कळले की प्रोग्रॅममध्ये दोष नव्हताच. तो त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे लिंकर जुनी, शिळी ऑब्जेक्ट फाइलच जोडत होता. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी याच कारणाने हैराण झाले होते. त्यांनी त्या शनिवार-रविवारी मेक लिहून काढले. पुढे २००३ साली त्यांना त्याबद्दल एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. म्हणजे पन्नास वर्षे जगभर वापरल्या जाणाऱ्या या साधनाचे मूळ एका उरलेल्या फाइलीत आहे, हे वाचून मला त्या दिवसांत थोडे बरे वाटले.

मेकची युक्ती साधी आहे. 'मेकफाइल' नावाच्या फाइलीत आपण लिहून ठेवायचे की अमुक फाइल अमुक फायलींपासून अमुक आज्ञेने तयार होते. मेक फक्त दोन्हींच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. मूळ फाइल नवी असेल तर आज्ञा चालवतो, नसेल तर हात लावत नाही. आत काय लिहिले आहे ते तो उघडूनही पाहत नाही. (मेकफाइलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, तिथे स्पेस चालत नाही. नवशिक्यांना हे फार छळते. फेल्डमन यांना ही अडचण काही आठवड्यांतच जाणवली होती, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून ते तसेच राहिले. काही उरलेल्या गोष्टी कोणत्याच क्लीनने जात नाहीत.)

आता 'क्लीन'. माझी समजूत अशी होती की मेक स्वतः जे बनवतो त्याची कुठेतरी नोंद ठेवतो आणि क्लीन म्हटले की ती नोंद पाहून पुसतो. तसे काहीही नाही. मेक कोणतीही नोंद ठेवत नाही. 'क्लीन' हा शब्दही त्याला माहीत नाही. ती केवळ एक प्रथा आहे. मेकफाइल लिहिणारा माणूस क्लीन या नावाखाली फायली पुसण्याची ओळ स्वतःच्या हाताने लिहितो, आणि मेक ती ओळ जशीच्या तशी चालवतो. मेकच्या लेखी 'क्लीन' हे एखाद्या फाइलीचेच नाव असते, जी बनवायची आहे पण कधीच बनत नाही. गंमत म्हणून त्या फोल्डरमध्ये 'क्लीन' नावाची एक रिकामी फाइल खरोखर तयार करून पाहा. मेक सांगतो की ती अद्ययावत आहे, आणि काही न पुसता स्वस्थ बसतो. हे टाळायला मेकफाइलीत 'क्लीन ही खरी फाइल नव्हे' असे वेगळे जाहीर करावे लागते.

माझे काय झाले ते आता सांगता येईल. पाने ओळखण्याचे कामही मी मेककडेच सोपवले होते. स्कॅन केलेल्या पानापासून स्वच्छ, सरळ केलेले चित्र. त्या चित्रापासून मजकुराची फाइल. पहिल्याच दिवशी मी क्लीनची ओळ लिहिली : मधली चित्रे पुसा, मजकुराच्या फायली पुसा. त्या दिवशी ती ओळ पूर्ण बरोबर होती. दोन्ही यंत्राने बनवलेल्या होत्या, पुन्हा बनवता येत होत्या. त्यानंतर मी त्याच मजकुराच्या फायली उघडून त्यांतच दुरुस्त्या करत गेलो. अकरा आठवड्यांत त्या फायलींची जात बदलली. नाव तेच, जागा तीच, पण आता त्या यंत्राच्या राहिल्या नव्हत्या. मेकफाइलीतली ओळ मात्र पहिल्या दिवशीचीच होती. डिस्क भरली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मधली चित्रे होती, कारण जागा ती खात होती.

खरे सांगायचे तर क्लीन दिले नसते तरी मी धोक्यातच होतो. एखादे पान पुन्हा स्कॅन केले असते तर मूळ चित्र मजकुरापेक्षा नवे ठरले असते, आणि मेकने निमूटपणे त्या पानाचा मजकूर पुन्हा बनवून माझ्या दुरुस्त्यांवर लिहिला असता. मेकमध्ये 'प्रेशस', म्हणजे मौल्यवान, अशी एक खूण आहे. ती लावली की काम मध्येच तुटले तरी मेक ती फाइल पुसत नाही. हे मला नंतर कळले आणि हळहळ वाटली. पण मग नीट वाचल्यावर दिसले की तिचाही उपयोग झाला नसता. ती खूण मेकच्या स्वतःच्या पुसण्यापासून वाचवते. क्लीनखाली माणसाने लिहिलेल्या ओळीपासून नाही.

यंत्राच्या मजकुरात मी काय दुरुस्त करत होतो हेही सांगायला हवे, नाहीतर नुकसान नुसते आकड्याचे वाटेल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार सर्रास असत : नांवें, पुस्तकें, कांहीं. यंत्र हे टिंब कधी घेई, कधी धूळ समजून सोडून देई, आणि खरोखरच्या धुळीला अनुस्वार समजे. 'ष' आणि 'प', 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल तर पानोपानी. देणगीदारांच्या यादीत कोणाचे आडनाव काय होते हे भिंगाखाली पान धरून ठरवावे लागे. ते निर्णय त्या फायलींत होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

ज्यांनी या प्रश्नाचा आधीपासून विचार केला होता त्यांनी पुसण्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. ग्नू प्रकल्पाच्या संकेतांनुसार साधे क्लीन बांधणीत तयार झालेले पुसते, पण यंत्राची पाहणी करून केलेली मांडणी ठेवते. 'डिस्टक्लीन' ती मांडणीही पुसते. फोल्डर वाटपाच्या गठ्ठ्यातून नुकते उलगडल्यासारखे होते. त्यापुढचे 'मेंटेनर-क्लीन' तर वाटपाच्या गठ्ठ्यात आलेल्या, पण मुळात एखाद्या साधनाने निर्माण केलेल्या फायलीही पुसते. ते चालवताना आधी इशारा छापावा, असे संकेतच सांगतात, कारण त्या फायली पुन्हा बनवायची साधने सामान्य माणसाकडे असतीलच असे नाही. लिनक्स कर्नलमध्ये याच शिडीवर 'मिस्टरप्रॉपर' नावाची पायरी आहे. युरोपातल्या काही देशांत फरशी पुसण्याचे एक द्रव त्या नावाने विकले जाते, त्यावरून ते नाव आले. साधे क्लीन कर्नलची निवडपत्रिका राहू देते. मिस्टरप्रॉपर तीही धुऊन टाकतो. कर्नलच्या निवडपत्रिकेत हजारो पर्याय असतात. ती तासन्‌तास बसून भरलेल्या माणसासाठी ती केर नाही, पण कर्नलच्या दृष्टीने ती एक निर्माण झालेली फाइल आहे. म्हणजे माझ्या १४८ पानांचेच भावंड.

इथपर्यंतचा केर बांधणीच्या फोल्डरमध्ये असतो, डोळ्यांसमोर. खरा अडचणीचा केर त्याबाहेर पडतो. प्रोग्रॅम बांधून झाला की 'मेक इन्स्टॉल' त्याच्या फायली यंत्रावर ठिकठिकाणी नेऊन ठेवतो : प्रोग्रॅम एकीकडे, लायब्ररी दुसरीकडे, माहितीची पाने तिसरीकडे, बहुधा 'यूएसआर-लोकल' या शाखेखाली. तयार सॉफ्टवेअर देणारी पॅकेज यंत्रणा तिने कुठे काय ठेवले याची यादी राखते. मेक इन्स्टॉल अशी यादी राखत नाही. परत काढायचे तर 'मेक अनइन्स्टॉल' हवे, तेही लिहिणाऱ्याने लिहिले असेल तर, आणि त्यासाठी ती मूळ मेकफाइल जागेवर हवी. मी जागेसाठी टेसरॅक्टचे सगळे सोर्स फोल्डरच काढून टाकले होते. पुढे यंत्रावरची प्रणाली नवी केली, पॅकेजमधून नवे टेसरॅक्ट घेतले, आणि कित्येक महिने मला सुधारणा दिसेना. एकदा सहज आवृत्ती विचारली तर उत्तर जुन्याच आकड्याचे. यूएसआर-लोकल मधला प्रोग्रॅम शोधाच्या क्रमात आधी येतो; आज्ञा दिली की मी बांधलेला जुनाच धावत होता. तो काढायला मला त्याच आवृत्तीचा सोर्स पुन्हा आणावा लागला, तशीच मांडणी करावी लागली आणि मग केवळ अनइन्स्टॉल म्हणण्यासाठी त्या फोल्डरात शिरावे लागले.

माझे काही महिने गेले, एवढेच. पण असा अदृश्य अवशेष जास्त महागात पडू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या लायब्ररीतला 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. १.०.१ ते १.०.१-एफ या आवृत्त्यांमुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर बाहेरच्याला वाचता येत होता. लिनक्सच्या वितरकांनी दुरुस्त पॅकेजे तातडीने दिली. ज्या यंत्रावर कोणीतरी कधीकाळी ती लायब्ररी सोर्सपासून बांधून ठेवली होती, तिथे पॅकेज यंत्रणा सगळे अद्ययावत असल्याचे सांगे, कारण त्या हाताने ठेवलेल्या प्रतीची तिला गंधवार्ताही नसे. त्या प्रतीवर चालणारा प्रोग्रॅम मात्र उघडाच राही.

मेंटेनर-क्लीनने ज्या फायली पुसल्या जातात, म्हणजे गठ्ठ्यात आलेल्या पण माणसाने न लिहिलेल्या, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, हेही एकाने हेरले. २९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेस-एसक्यूएलवर काम करणारे आन्द्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केले की 'एक्सझेड' या दाबणी-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. दूरस्थ यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याच्या मागे ते लागले होते. चोरदरवाज्याची मुख्य सामग्री चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत दडवली होती. ती बाहेर काढणारी कळ होती बांधणीच्या मांडणीतल्या एका मॅक्रो फाइलीत. त्या नावाची मॅक्रो फाइल इतर अनेक प्रकल्पांत साधनांकडून आपोआप येऊन बसते. ही बदललेली फाइल सर्वांसमोर असलेल्या सोर्स भांडारात नव्हती. वाटपाच्या गठ्ठ्यात मात्र होती. दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहिला असता तरी तपासणाऱ्याला वाटले असते, निर्माण झालेली फाइल आहे, असायचीच.

पुसताना उलट बाजूची चूकही मोठी होते. २०११ साली 'बंबलबी' या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जुने फोल्डर काढायची ओळ होती. तिच्या पत्त्यात 'यूएसआर' नंतर एक स्पेस चुकून पडली आणि ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांच्या यंत्रावरचे यूएसआर हे सबंध फोल्डरच गेले. एक स्पेस.

मी आता काय करतो ते थोडक्यात. सोर्सच्या फोल्डरमध्ये काहीही बांधत नाही. शेजारी वेगळे रिकामे फोल्डर करून तिथून बांधतो; बहुतेक साधनांना हे जमते. मग क्लीनची गरजच राहत नाही, ते सबंध फोल्डर काढले की झाले, आणि त्यात हाताने काही लिहायचे नाही एवढे एकच पथ्य. यूएसआर-लोकलमध्ये जे ठेवायचे ते प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि 'ग्नू स्टो' या लहानशा साधनाने तिथून फक्त दुवे जोडतो. काढताना दुवे निघतात. सीमेक वापरणारे प्रकल्प इन्स्टॉल करताना ठेवलेल्या फायलींची यादी एका फाइलीत लिहितात, ती यादी मी जपून दुसरीकडे ठेवतो. गिटमध्ये पुसण्याची आज्ञा आधी 'नुसते दाखव' या पर्यायाने चालवता येते. तो पर्याय दिल्याशिवाय मी ती चालवत नाही, आणि आलेली यादी वाचतो. ती वाचायला कंटाळा येतो. कंटाळा आला की यंत्र बंद करून उठतो.

अहवालांच्या कामात आता तीन फोल्डर आहेत : स्कॅन, यंत्राचा मजकूर, सुधारलेला मजकूर. दुसऱ्यातून तिसऱ्यात फाइल माझ्या हातानेच जाते, आणि तिसऱ्या फोल्डरचे नाव मेकफाइलीत कुठेही नाही. गेलेल्या पानांपैकी ४० पानांचे छापील प्रूफ वाचनालयाच्या जुन्या ग्रंथपालांकडे तपासायला दिलेले होते, ते त्यांच्या कपाटात निघाले. त्यांनी समासात पेन्सिलीने काही आडनावेही दुरुस्त केली होती. बाकीची १०८ पाने पुन्हा केली. दुसऱ्या वेळी काम लवकर झाले, पण देणगीदारांच्या यादीतल्या चार नावांपाशी मी अडलो आहे. पहिल्या वेळी ती मला लागली होती, हे पक्के आठवते. काय लागली होती ते आठवत नाही. पान भिंगाखाली धरले की तिथे फक्त शाईचा डाग दिसतो.